मालिनीने पेशंट बदलला

ती. सुनेत्राताईस,

बॉथेलहून प्रल्हादचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे प्रत्यक्षात अर्धाच झाला आहे. उरलेला झाला असं धरून आशीर्वाद मात्र पुरा द्यावा.) भाऊजींचा गुडघा आता काय म्हणतो? जिना उतरताना अजून तुझ्या नावाने ओरडतात की डॉक्टरांच्या? तुझं डोळ्याचं ऑपरेशन छान झालं हे ऐकून फार बरं वाटलं. तुला आता बारीकसुद्धा वाचता येतं असं कळलं, म्हणूनच इतकं लांबलचक लिहायचा धीर झाला. आम्ही इकडे तिघंही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे. रुही कॉलेजात मजेत आहे. मालिनी तर फारच मजेत आहे. राहिलो मी, तर माझ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

फोन का केला नाही म्हणशील, तर आमच्या घराला खालच्या मजल्यावर भिंतीच नाहीत. स्वयंपाकघर, जेवायचं टेबल, सोफा, टीव्ही, सगळं एकाच दालनात. घर घेताना एजंटबाईंनी या मोकळेपणाचं इतकं कौतुक केलं की आम्हालाही भिंती घालणं मागासलेपणाचं वाटायला लागलं. आता बायकोची तक्रार करायची तर गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसावं लागतं, आणि बसलो की मालिनी दार उघडून विचारते, निघालास का, मग येताना दूध आण. मागच्या दोन तक्रारींच्या वेळी मी दूध घेऊन परत आलो. म्हणून ईमेल.

मालिनी नर्सिंग शिकते हे तुला माहीत आहेच, पण हे प्रकरण नेमकं काय आहे ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. इथे अमेरिकेत अशी सोय आहे की तुमची पदवी कुठल्याही विषयातली असू दे, आधी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे मोजके विषय पास व्हायचे आणि मग थेट नर्सिंगच्या मास्टर्सलाच बसायचं. मालिनीची पदवी भूगोलाची. लग्नाआधी नागपूरच्या कॉलेजात ती पोरांना खडकांचे प्रकार शिकवायची आणि इथे आल्यावर बरीच वर्षं तिने लायब्ररीत नकाशे सांभाळले. मी तिला म्हटलं, नद्या-पर्वतांवरून एकदम मूत्रपिंडावर कशी जाणार तू? ती म्हणाली, दोन्हीकडे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं तेवढंच बघायचं असतं. असं उत्तर आलं की माणसाने गप्प बसून भांडी डिशवॉशरमध्ये लावावीत. मी लावली.

तिच्या वर्गात सगळी अशीच कुठून कुठून आलेली मंडळी आहेत. एक जण बँक सोडून आलाय, एक बाई ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची, आणि सैन्यातून आलेला एक धिप्पाड गृहस्थ आहे, तो सुई बघून पहिल्याच आठवड्यात आडवा झाला. (त्याला सावरून बसवणारी कोण? आपली मालिनी. ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली आहे.) या सगळ्यांचं तिच्यावाचून पान हलत नाही. संध्याकाळी ती हॉस्पिटलमधून येते, पायांत गोळे आलेले, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो आमच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा नाही. मी अल्बम काढून पाहिला. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तर तिच्यापुढे रांग लागली, कुणाची शुगर, कुणाची टाच, कुणाच्या सासूबाईंचं पित्त. ती प्रत्येकाला सांगत होती की मी अजून विद्यार्थिनी आहे, मला सल्ला देता येत नाही, आणि त्यामुळे लोकांचा तिच्यावरचा विश्वास आणखीच वाढत होता. मी शेजारी तिळगुळाचा डबा धरून उभा होतो. मला पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर येतं, ताई, पण कुणी मला त्यातलं काही विचारलं नाही. एका काकूंनी चमचे कुठे आहेत ते विचारलं. मला हेवा वाटतो, हे सरळच लिहितो. आतल्या आत नुसता जळफळाट होतो.

तरीही सुरुवातीला या सगळ्यात माझी एक जागा होती. मी तिचा पेशंट होतो. या लोकांना डोक्यापासून पायापर्यंत माणूस तपासायचा सराव करावा लागतो आणि त्याला घरचं माणूस लागतं. शनिवारी जेवणं झाली की मी सोफ्यावर बसायचो आणि ती डोळ्यांत बॅटरी मारायची, पाठीवर बोटं वाजवून बघायची, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटून ऐकायची. आणि त्या वेळी तिचा आवाज बदलायचा. तो आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. इतका मऊ की मला आधी वाटलं मागे टीव्ही चालू आहे. आज तुम्हाला कसं वाटतंय, असं ती विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. ताई, वाट बघायची! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. शनिवारच्या त्या तासासाठी मी आठवडाभर दुखणी जमवून ठेवायला लागलो.

तेच नडलं. वेदना एक ते दहाच्या मापात सांगा म्हटल्यावर मी म्हणायचो, चालायचंच. काही औषधं घेता का, तर नाही. मग पुढच्या वाक्यात तू पाठवलेलं चूर्ण, अश्वगंधा, आणि पोट बिघडलं की आईचा ओवा बाहेर यायचा. तिला पहिलं उत्तर खोडून नवं लिहावं लागायचं. पण घात झाला तो व्हिडिओच्या दिवशी. ही सगळी तपासणी इंग्रजीतून करून तिच्या प्राध्यापकबाईंना पाठवायची होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. सगळं छान चाललं होतं. त्यात एक प्रश्न असतो, घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का, आणि तो इथे प्रत्येक पेशंटला विचारावाच लागतो. मी आपला मोकळेपणाने हसून म्हणालो, ते आज भाजी कसली आहे त्यावर अवलंबून आहे. आपल्या सांगलीत यावर अख्खी बैठक हसली असती. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला स्वतंत्र ईमेल आली, की तुम्ही एकटे नाही, खाली एक फोन नंबर आहे, तो कुठल्याही वेळी फिरवा. मालिनीला कॉलेजात जाऊन आमच्या घरातल्या कारल्याच्या भाजीचा इतिहास सांगावा लागला. त्या आठवड्यात मला पेशंटपदावरून काढण्यात आलं.

माझ्या जागी आला यशोधन. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो, मूळचा ठाण्याचा, औषधांच्या कंपनीत आहे, बायकोची नोकरी पोर्टलंडला असल्यामुळे आठवडाभर एकटाच असतो. रोज सकाळी नदीकाठच्या ट्रेलवर पळतो, आणि पळून आल्यावरही माणसांशी नीट बोलतो. मला हा मुलगा आवडायचा. (भूतकाळ मुद्दाम वापरला आहे.) पहिल्याच तपासणीनंतर मालिनी जेवता जेवता म्हणाली, काय सुंदर ठोके आहेत रे यशोधनचे, एकसारखे, ऐकत राहावेसे वाटतात. माझ्या हातातला घास हातातच राहिला. बायकोने परपुरुषाच्या हृदयाविषयी असं बोलावं आणि नवऱ्याने त्यावर आमटी वाढून घ्यावी, असे दिवस आले आहेत. मी दुसऱ्या दिवशी पळायला गेलो. पहिल्याच वळणावर धाप लागून बाकावर बसलो, तर यशोधन पलीकडून येता येता हात हलवून गेला आणि परत येतानाही हलवून गेला.

त्यानंतर मी जे केलं ते तुला सांगतो, भाऊजींना सांगू नकोस. त्याची शिडी आमच्या गॅरेजमध्ये पडून होती. शनिवारी मालिनी त्याच्याकडे गेली आणि मला एकदम वाटलं की शिडी आजच परत करायला हवी. शिडी खांद्यावर घेऊन मी त्याच्या मागच्या अंगणातून गेलो. काचेच्या अर्धवट उघड्या दारातून सगळं दिसत होतं. तो खुर्चीत बसलेला, हिची बोटं त्याच्या मनगटावर, आणि तोच आवाज. त्याच्या आईचं काहीतरी चाललंय ठाण्याला, त्याबद्दल तो बोलत होता, बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, आणि मालिनी काही न बोलता नुसती ऐकत होती. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, योग्य वेळी गप्प राहण्यालाही मार्क असतात. हे मार्क तिने आमच्या घरात कधी मिळवले नाहीत. शिडीचं टोक कुंडीला लागून कुंडी फुटली आणि दोघांनी वळून पाहिलं. मी म्हणालो, शिडी. यशोधन म्हणाला, अरे काका, त्याची काही घाई नव्हती. तो मला काका म्हणतो आणि तिला मालिनी म्हणतो, ही गोष्टही लक्षात घे.

आता मूळ मुद्दा. या शुक्रवारी तिची मोठी परीक्षा आहे. परीक्षकांसमोर आपला माणूस नेऊन तपासून दाखवायचा. ती यशोधनला नेणार आहे. वर्गातले बाकीचे सगळे आपापले नवरे, बायका, बहिणी आणताहेत, आणि आमच्याकडून शेजारी जाणार. मी तोंड उघडणार नाही, विचारलं तेवढंच सांगीन, कारलं हा शब्दही काढणार नाही, असं शपथेवर सांगून झालं. ती नको म्हणते. रुहीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, ओ माय गॉड, यू आर जेलस ऑफ अ पल्स?" पोरांना काय कळतंय. तुझं मालिनी ऐकते. तू तिला फोन कर, सहज केल्यासारखा, आणि मीच कसा योग्य पेशंट आहे ते तुझ्या पद्धतीने तिच्या गळी उतरव.

लहानांस आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझा बडतर्फ भाऊ,
प्रल्हाद

ता. क. वरचं सगळं मंगळवारी लिहिलं आणि पाठवायचं राहिलं. आज रविवार आहे. मालिनीला फोन करू नकोस. शुक्रवारी ती यशोधनलाच घेऊन गेली आणि छान पास झाली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी मोठं भांडण काढलं. त्याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही, असं विचारलं (या वयात हे वाक्य तोंडून निघेल असं वाटलं नव्हतं). तिने सिंकचा नळ बंद केला आणि म्हणाली, त्याचे ठोके नीट पडतात. तुझे मध्येच चुकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं आपल्यालाच ऐकता येत नाही. म्हणून ती त्याच्याकडे जायला लागली, नीट पडणारे ठोके कसे असतात ते कानात पक्कं बसावं म्हणून. तिकडून आली की मी दुपारी टीव्हीसमोर पेंगत असताना माझे पुन्हा ऐकायची. आणि परीक्षेला मला का नाही नेलं, तर माझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की तिचे हात थरथरतात. हे सांगताना तिचा तो पेशंटबिशंटचा आवाज नव्हता. नेहमीचाच होता, आणि रडवेला.

ता. क. दुसरा. काल डॉक्टरकडे जाऊन आलो. छातीवर एक छोटं यंत्र चिकटवून दिलंय, ते ठोके टिपत राहतं. घाबरण्यासारखं काही असेलच असं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, वडिलांना हृदयाचा काही त्रास होता का. मी ठसक्यात नाही म्हणालो. शेजारी बसलेल्या मालिनीने मला विचारलं, मग ते कशाने गेले? आणि ताई, मला सांगता येईना. मी तेव्हा इथे नुकताच आलो होतो. तुम्ही सगळ्यांनी मला फोनवर सांगितलंत, अचानक गेले, त्रास झाला नाही. परक्या देशात पोराला घोर नको म्हणून तेवढंच सांगितलंत, हे मला आता कळतंय. बाबांना त्याआधी काही होत होतं का? धडधड, चक्कर, बसल्या बसल्या घाम? डॉक्टरांनी काही सांगितलं होतं का? ते गेले तेव्हा माझ्या आत्ताच्या वयापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते. मला भीती वाटते आहे. काय असेल ते जसंच्या तसं लिही.

ता. क. शेवटचा. हे मला लिहायला तुला जड जाईल आणि तू ते परस्पर मालिनीला सांगशील, हे मला माहीत आहे. तसं करायचंच असेल तर फोन स्पीकरवर असू दे आणि मी समोर बसलेला असू दे. बाबांचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. माझंही तसंच व्हायला नको.