खाटेचा चौथा कोपरा

प्रिय अक्का,

भालकीतूनच लिहितोय, तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून. उद्या रविवार. तू जाऊन वर्ष होतंय, म्हणून पाळकसाहेबांनी उद्याचा उपदेश माझ्यावर सोपवलाय. विषयही तुझाच: चौघांनी खाटेवर घालून आणलेला, छत उघडून येशूपुढे सोडलेला तो पक्षाघाती. सात पानं लिहिली. त्यातलं अर्धं पान 'पक्षाघात' या शब्दाच्या व्युत्पत्तीवर खर्च झालं. मग सगळं वाचून पाहिलं. भाषा निर्दोष आहे. बाकी काहीही नाही!

तू असतीस तर दुसऱ्याच पानाला झोपली असतीस, आणि सगळं ऐकलंय असं वर तोंड करून सांगितलंही असतंस.

ही गोष्ट मला पहिल्यांदा तूच सांगितलीस. तुझ्या तोंडून ऐकताना त्या गोष्टीतलं कफर्णहूम आपल्या चिंताकीच्या पलीकडचंच गाव वाटायचं. मातीच्या भिंती, वर माळवद, बाजूनं जिना. चौघांनी त्याला माळवदाच्या झरोक्यातून खाली सोडलं, असं तू रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंस. मी कॉलेजात संस्कृत शिकून आलो आणि तुला दुरुस्त करायला बसलो.

"अक्का, त्यांनी छत खणलं, असं स्पष्ट आहे."

"खणतील कामून? झरोका असताना कोन माळवद खणतंय? पावसाळ्यात गळंल की."

"झरोक्यातून खाट मावेल का?"

"म्हंजी जरा मोठा केले असतील. आन् तू मला सांग शास्त्रीबुवा, ते नंतर नीट कोन करून दिलं?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"तेच चौघं. दुसरं कोन? सोमवारी माती घेऊन आले असतील."

मी हसलो होतो. कलबुर्गीला मी शिकवतो त्या वर्गात मुलांना विश्वासाची व्याख्या सांगताना आजही ती सोमवारची माती आठवते. तुला हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू वर्षभर मिरवली असतीस!

आता खरं लिहितो.

तुझी उजवी बाजू गेल्यानंतरचा तो ईस्टर. तुला चर्चमध्ये जायचं होतं. पाठ धरत नव्हती, त्यामुळे खुर्चीचा उपयोग नव्हता. खाटच न्यावी लागली असती, त्यात चर्चच्या त्या नऊ पायऱ्या. मी पाळकसाहेबांना घरी बोलावलं, प्रभुभोजन तुझ्या उशाशी आणलं, मोबाइलवर सगळी उपासना दाखवली. व्यवस्था किती चोख होती! आणि तू मान फिरवलीस.

"अक्का, परमेश्वर विभु आहे," मी म्हणालो. "सर्वव्यापी. त्याला चर्च आणि घर सारखंच."

तू अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द ओढत म्हणालीस, "तो सगळीकडं हाय रे. मी न्हाई. मी हितं खाटंवर हाय. मला लोकात बसायचंय."

एवढी तर्कशुद्ध बाजू माझ्यासमोर कुणी मांडली नव्हती. तरी मी तुला नेलं नाही. त्याचं खरं कारण आज सांगतो. मला भीती वाटली, अक्का. आपल्याकडे माणूस चौघांच्या खांद्यावर जातो तो एकदाच. जिवंत बहिणीला खाटेवर घालून भर बाजारातून न्यायचं? लोक टोपी काढून बाजूला झाले असते! मला ते अभद्र वाटलं. दोन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातल्या, शास्त्र शिकलेल्या तुझ्या धाकट्या भावानं अपशकुन पाळला!

तीन आठवड्यांनी तू गेलीस, आणि त्याच पायऱ्या चढून तुला वर नेलं. तेव्हा उचलायला माणसं किती होती म्हणून सांगू! एकमेकांना बाजूला सारत होती. मीही होतो, पुढून उजवीकडे. तू फार हलकी झाली होतीस. एकटा मीसुद्धा तुला ईस्टरला नेऊ शकलो असतो.

तू मला माफ केलं होतंस का? मी विचारायला हवं होतं. तुझा हात हातात घेऊन दहा दिवस बसलो, आणि औषधांच्या वेळा तेवढ्या विचारत राहिलो.

काल देवदासकाकांच्या मुलीचा, रूतचा फोन आला. होय, तेच काका, ज्यांच्या पेटीच्या पट्टीवरून तू दर नाताळला भांडलीस. मांडीचं हाड मोडल्यापासून ते आडवेच आहेत. चार महिने चर्च नाही.

"मामा, अप्पांना रविवारी चर्चला यायचंय," रूत म्हणाली. "अक्काची आठवण हाय म्हनून हट्ट धरून बसलेत. खाट उचलायला तिघं झालेत. तुम्ही चौथे येता का?"

"बघतो," मी म्हणालो.

माझ्या 'बघतो'चा अर्थ तुझ्याइतका कुणाला माहीत आहे?

फोन ठेवून पुन्हा त्या गोष्टीकडे वळलो आणि जागीच थबकलो. येशूनं विश्वास पाहिला तो त्या चौघांचा! खाटेवरच्या माणसाचा किती होता, होता की नव्हता, कुणी विचारलंच नाही. आणि ते चौघं गोष्टभर एक अक्षर बोलत नाहीत. उचलतात, चढतात, सोडतात. सगळं बोलणं खाली बसलेल्या शास्त्र्यांचं, आणि तेही मनातल्या मनात! इतकी वर्षं मी त्या घरात नेमका कुठे बसलो होतो, हे तुला तेव्हाच दिसलं असणार.

आज दुपारी रूतला फोन केला. "येतो. साडेआठला."

"नक्की?" तिनं विचारलं. मागून काकांचा आवाज आला, मग ती हसली. "अप्पा विचारायलेत, पंडिताला वजन उचलता येतंय का म्हनून."

"म्हणावं, समासापेक्षा हलके आहात तुम्ही."

"उद्याचा इस्त्रीचा शर्ट आजच घालून बसलेत, मामा," ती हळूच म्हणाली.

काका उठून चालू लागतील, असं मला वाटत नाही. चालले तर तू ओरडली असतीस तितकाच मीही आनंदानं ओरडेन. पण एक माणूस चार महिन्यांनी लोकांत बसेल. तेवढं तर चौघांच्या हातात आहे!

सात पानं इथेच ठेवतो. वर उभा राहून एवढंच सांगेन की मी माझ्या बहिणीला उचललं नाही. आणि तुला शब्द देतो, अक्का: काकांना, आणि भालकीत जो कुणी हाक मारेल त्याला, त्याच्या शेवटच्या दिवसाआधी नेईन. पुष्कळदा नेईन.

तुझा धाकटा,
प्रकाश