पाण्याखालचा चौकोन

मंगळवार, देवास

१. परवा निसरपुरला एका लग्नाआधीच्या विधीचं ड्रोन शूटिंग केलं.
२. नवरदेवाच्या घरचे पहिली पत्रिका धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या देवीला देतात. होडीतून जाऊन देवळाच्या जागी नारळ सोडतात.
३. जागा मी दाखवली. ती चुकली.

दरवेळी जागा दाखवणारे त्यांचे आजोबा यंदा नाहीत. नवरदेवाची बहीण सीमा म्हणाली, "दीदी, ऊपर से तो दिखता होगा?" स्क्रीनवर पाण्याखाली काळसर चौकोन दिसत होता. मी म्हटलं, इथेच. नावाडी कुरकुरला, देऊळ अजून पुढे असायचं. मग हसला, "मशीन बोल रही है तो मान लो, भिया." सगळ्यांनी हात जोडले.

आज गाव बुडण्याआधीच्या उपग्रहचित्राशी ताडून पाहिलं. तो चौकोन म्हणजे शाळेचं छत. देऊळ बरंच पूर्वेला. तेव्हा निदान "बहुतेक" म्हणायला काय हरकत होती? फिल्ममध्ये सीमाची आई त्या चौकोनाकडे बघून रडते आहे. शॉट सुंदर आहे. बघवत नाही. गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही, पण आता आजोबा नाहीत. पुढच्या लग्नात माझी फिल्म बघूनच जागा ठरवतील.

सीमाला पाठवलं: "मी दाखवलेली जागा देवळाची नव्हती. चूक माझी. लग्नाआधी पुन्हा जायचं असेल तर मी येते. शुक्रवारपर्यंत कळवा."