दोन मुठी मीठ

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकायची माझी हिंमत होणार नाही, हे लिहितानाच कळतंय.

आपण दोघं स्वयंपाक करायचो त्या कँटीनमधून तुम्हाला काढलं, त्या दिवशी मी मॅनेजरना सांगितलं, "मीठ वहिनींनीच जास्त घातलं." तुम्ही एप्रनची घडी करून ओट्यावर ठेवलीत. पातेल्यात वरून दोन मुठी मीठ मी टाकलं होतं. मला भाजी अळणीच लागत होती. घरीसुद्धा तुमच्या हाताला चव नाही म्हणून मी भरल्या ताटावरून उठायचो.

पुढच्याच आठवड्यात रजा काढून दारू सोडायला दवाखान्यात गेलो. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं पिताय, अंगातलं झिंक पार कमी झालंय. जिभेला चव कळणार कुठून?"

आता चार महिने दारू बंद आहे आणि गोळ्या चालू आहेत. चव परत आली. भाजीही नीट होते.

काल मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, त्या बाई गेल्यापासून एक तक्रार नाही."

मी मान डोलावली.

तुम्ही ज्याला भावजी म्हणायचात,
तो