नातलीनबायच्या वतीनं

चौक,
नोव्हेंबर १९७५

प्रिय इनास,

नातलीनबाय गेल्याची तार तुला खडकीला दोन दिवस उशिरा मिळाली आणि तू रागावलायस, हे तुझ्या कार्डावरून कळलं. रागाव, तुझा हक्क आहे. तुलाही तिनं अंगाखांद्यावर खेळवलंय. पण तार करायला भाईंदरला निघालेल्या शेजारच्या महिपतची एसटी चुकली, आणि गेलेल्या माणसाला कोणासाठी थांबवून ठेवता येत नाही. तर ती कशी गेली ते सगळं लिहिते. मी लिहायला बसले की लांबण लागते हे तुला माहीत आहे, तेव्हा चहा घेऊनच बस.

तू मे महिन्यात आलास तेव्हा ती वलांडीच्या बांबूंवर वाळलेले बोंबील उतरवत होती आणि तू बारीक झालास म्हणून तुझ्या बायकोला, आशाला, नावं ठेवत होती, आठवतं? त्यानंतर पावसाळ्यात, होड्या वर ओढून झाकलेल्या असताना, एका सकाळी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला अख्खा चौक टरकून असायचा, नेमकी तिची वाचा! देवालाही विनोद सुचतात ते असले. तिला ना नवरा ना मूल, म्हणून तिची खाट मी आपल्या ओटीवर आणली. तुझ्या भावजींनी एका शब्दानं विचारलं नाही, उलट खाटेला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट बांधून दिलं.

तुझी धर्ममाता आपली वसईची मावशी होती. माझी नातलीनबाय, आणि हे तिनं मला एक दिवस विसरू दिलं नाही. त्या काळी बाप्तिस्म्याच्या स्नानसंस्काराला फादर लॅटिनमध्ये प्रश्न विचारायचे आणि तान्ह्या मुलाच्या वतीनं धर्ममातेनं लॅटिनमध्येच उत्तर द्यायचं, ‘क्रेदो’, म्हणजे माझी श्रद्धा आहे. बाकीच्या बाया पुटपुटून मोकळ्या व्हायच्या. हिनं म्हणे तीनही वेळा असं ठणकावून सांगितलं की मी दचकून रडायला लागले. मोठेपणी मी उलट उत्तर केलं की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “आता लय त्वांड चालतंय गो तुजा! तुला त्वांड न्हवता तवा मीच तुजा त्वांड झाले, देवासमोर!” मी हसायचे. पास्कू गेल्यावर हसणं थांबलं.

ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आजवर मी ते कोणाजवळ बोलले नाही. पोराला घटसर्प झाला, घसा बंद झाला, तेव्हा सगळे म्हणाले, मोतमावलीला जा. मी अनवाणी वांद्र्याला गेले, मेणाचं बाळ विकत घेतलं आणि मावलीच्या पायाशी ठेवलं. परत आले तेव्हा पास्कूला आंघोळ घालून झाली होती. त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. लोक म्हणाले, सिसिलची श्रद्धा गेली. श्रद्धा काय छत्री आहे, कुठेतरी विसरून यायला? मी भांडत होते, म्हणजे तो आहे हे धरूनच चालले होते. पण पास्कू देवाघरी सुखात आहे, पुन्हा भेटेल, असं कोणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मिस्साला जाणं मी बंद केलं आणि रविवारी टोपली घेऊन भाईंदरचा बाजार धरला.

नातलीनबायनं मला कधी उपदेश केला नाही. ती देवळात बाकावर आपल्या शेजारी माझी जागा धरून बसायची. सणाला देवळात मुंगी शिरायला वाव नसायचा, तरीही. एकदा शेजारची सुलू तिथं टेकली तर तिला उठवलं, “ती जागा सिसिलची हाय. ती येल तवा येल.” हे मला सुलूनंच तणतणत येऊन सांगितलं. मी त्यावर नातलीनबायशी भांडले, की माझ्यापायी लोकांना का उठवतेस. ती म्हणाली, “तू देवासंगती बोलत न्हाय, पन मी बोलतंय ना!”

आणि अशा बाईची वाचा गेली. जपमाळ डाव्या हातात धरायची, ओठ हलवायची, पण घशातून नुसता घरघर आवाज यायचा. मग ती माळ आपटायची. सुरुवातीला मला वाटलं, दुखतंय. मग लक्षात आलं, ती घाबरली होती. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या मरणाच्या खाटेशी बसून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या. शेवटच्या घडीला माणसानं स्वतःच्या तोंडानं श्रद्धा सांगितली पाहिजे, हा तिचा हट्ट. आता तिची पाळी आली तर तोंडच नाही. नवे तरुण फादर यायचे, समजवायचे की बाई, देव मनातलं ऐकतो. ती त्यांच्याकडे अशी बघायची, जणू त्यांनी शिळे बोंबील ताजे म्हणून दाखवलेत. देवानं ऐकलं तरी तिला ते सांगायचं होतं. मरणाची तिला भीती नव्हती, मुकं मरण्याची होती.

ऑक्टोबरच्या शेवटी तिनं पेज घेणं सोडलं. फादरना निरोप धाडला, ते दुपारी सायकलवरून आले. सुलूनं मेणबत्ती धरली. त्यांनी पवित्र तेल लावलं आणि मग म्हणाले, ख्रिस्तशरीराचा प्रसाद देण्याआधी स्नानसंस्काराच्या वेळची श्रद्धा पुन्हा सांगायची असते. आता सगळं मराठीत आहे. पहिला प्रश्न झाला. तिनं जीव एकवटून तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज आला नाही. फादर म्हणाले, पुरे, डोळ्यांनी सांगितलंत. पण तिनं डोळे माझ्याकडे वळवले आणि डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. तिला काय हवंय ते मला लगेच कळलं, तिची उत्तरं मी द्यायची.

मी फादरना सरळ सांगितलं, मला हे जमणार नाही, मी देवळात येत नाही आणि देवासमोर खोटं बोलणार नाही. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “तुमचं नका सांगू. त्यांचं सांगा. त्यांची श्रद्धा आहे का, ते तर तुम्हाला माहीत आहे?” ते मला माहीत नसेल तर कोणाला असणार! परमेश्वर पित्यावर श्रद्धा आहे का? मी म्हटलं, आहे. येशू ख्रिस्तावर? आहे. तिच्यासारखंच ठणकावून म्हटलं, शेजारची माणसं दारात आली. तिसरा प्रश्न लांबलचक होता. पवित्र आत्मा, ख्रिस्तसभा, पापांची क्षमा, आणि शेवटी मेलेल्यांचं पुन्हा उठणं आणि अनंतकाळचं जीवन. तिथं माझी जीभ टाळ्याला चिकटली. इनास, मला पास्कू दिसला, ओल्या केसांचा, आंघोळ घातलेला. फादर थांबले. सुलूच्या हातावर मेण ओघळलं तरी ती हलली नाही. नातलीनबाय माझ्याकडे बघत राहिली, जरासुद्धा घाई न करता. मग मी म्हटलं, आहे. ते तिच्या वतीनं म्हटलं की माझ्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीटसं कळत नाही. तिनं माझं मनगट सोडलं. मी मात्र तिच्या छातीवर डोकं ठेवून इतकी रडले, तितकी पास्कूच्या वेळीसुद्धा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, होड्या बंदराला लागत होत्या त्या सुमाराला ती गेली. चेहरा शांत होता. तिच्या अंत्यविधीला गाव लोटलं होतं, जिच्याशी ती भांडली नाही अशी एकही बाई त्यात नसेल आणि सगळ्या रडत होत्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मे महिन्यात किनाऱ्यावर तू मला विचारलं होतंस, होणाऱ्या बाळाची धर्ममाता होशील का, आणि मी दुसरी बघ म्हणून पाठ फिरवली. तुझा चेहरा पडलेला मला दिसला होता. मला वाटायचं, ज्याच्या मनात काडीची शंका नाही त्यानंच तिथं उभं राहावं. आता लेक दीड महिन्याची झाली आणि तू अजून कोणाला ठरवलेलं नाहीस, असं आशाकडून कळलं. तर मी येते. पोरीला मीच हातात घेईन, तिची उत्तरंही मीच देईन. तारीख कळव. फक्त तिथल्या फादरना आधी सांगून ठेव, की तिसऱ्या प्रश्नाला माझ्या बहिणीला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा.

तुझीच,
सिसिल