पट्टी डावीकडे

आई,

आज पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला डायोड शिकवला आणि फळ्यापुढे उभी असताना दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू तेव्हा नोएडाच्या नव्या कारखान्यात स्टॅबिलायझरच्या सर्किटच्या प्लेटींवर डायोड बसवायचीस. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते आणि वीज तेवढी लहरीच राहिली होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. शनिवारी घरी आणलेल्या डायोडच्या तारा तू रविवारी वाकवायचीस आणि थर्माकोलवर ओळीने खोचायचीस, रुपेरी पट्टी सगळ्यांची डावीकडे. मग सोमवारी लाइनवर पट्टी बघावीही लागत नसे, बोटं आपली उचलून बसवत जायची. तुझ्या हातची प्लेट तपासायला नको, असं तिथे सगळे म्हणत, आणि ते तू घरी येऊन दोनदा तरी सांगायचीस.

मी सहावीत होते. एका रविवारी पोळ्या झाल्यावर तू टॉर्चचे दोन सेल, एक बारका बल्ब आणि डायोड तारेने जोडलास. बल्ब लागला. डायोड उलटा केलास, बल्ब विझला. पुन्हा सुलटा केलास, लख्ख! मी विचारलं, आत दार आहे का?

"दार नाही, बिजागरी नाही, आत काहीच हलत नाही," तू म्हणालीस. "एकच खडा, पण दोन भागांत वेगवेगळी भेसळ. मधे एक ओसाड पट्टा. या बाजूने वीज ढकलली की तो आक्रसतो, त्या बाजूने ढकलली की रुंद होतो. बस."

दहावी झालेली तू, कारखान्यातल्या इंजिनियरला विचारून विचारून हे शिकली होतीस. मी नंतर जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या ओसाड पट्ट्याने अंगावर जो काटा आला तो अजून येतो. तांदळाएवढा तुकडा, आणि विजेला वाट दाखवतो!

तू भाजीला गेलीस. मी थर्माकोलवरचे डायोड काढून एकेक बल्बला लावत बसले. जिन्यात तुझी चप्पल वाजली तेव्हा शेवटचे तीन घाईघाईने परत खोचले, पट्टी न बघता.

दुसऱ्या दिवशी चाचणीत तुझ्या तीन प्लेटींचे फ्यूज उडाले. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "बहनजी, आँखें दिखाओ किसी को." तू घरी येऊन बाबांना सांगितलंस, "माझ्या नजरेचा मलाच भरवसा राहिला नाही." आणि स्वतःहून पॅकिंगमध्ये बदली मागून घेतलीस. डॉक्टर म्हणाले नंबर नाहीच, तरी तू हट्टाने चष्मा केलास. मी गप्प. आधी माराची भीती, मग लाज, मग तू गेलीस. एकदा तू चष्म्याशिवाय पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवलास आणि हरखून म्हणालीस, "दिसलं बाई आज, नशीब!" तेव्हाही मी समोरच बसले होते.

हे पत्र वहीतच राहील. पण एक सांगते. आज एका मुलीने विचारलं, "मैम, उल्टा लग गया तो?"

"फ्यूज उड़ जाएगा," मी म्हणाले. "मेरी माँ से एक बार हुआ था."

अजूनही तुझ्यावरच ढकलते, आई.