पहाटेचा तास लेओकादियाला

मी, एउसेबिया तार्की, राहणार विलाकोता, धंदा शेती आणि रेडिओवर बोलणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्या नणंदेला त्याबद्दल शंका आहे, पण ती तिला माझ्या लग्नापासूनच आहे.

घर, मागचा गोठा आणि बँकेत जे काही निघेल ते माझी मुलगी नील्दा हिचे. लामांचा कळप शेजारी सेवेरो माय्ता यांनी अर्धेलीने सांभाळावा. बटाट्याचे बियाणेही नील्दाचेच. त्याला पुरुषाने हात लावायचा नसतो, जावई कितीही मदतीला धावला तरी.

आता खऱ्या मालमत्तेकडे येते. आमच्या रेडिओ केंद्रावरचा, आयमारा भाषेतला पहाटेचा शेतीचा तास. तो माझ्या नावावर नाही, हे मला कळते. पण केंद्राच्या मंडळाने शब्द दिला आहे की मी सुचवेन ती व्यक्ती तो चालवील, आणि कोणी सुचवले नाही तर त्या वेळी गाणी लागतील. गाणी लागली, तर कुठे गारा पडल्या, कोणाच्या मेंढ्यांना खरूज झाली, हे या पठारावर कोण कोणाला सांगणार? मला घोर आहे तो एवढाच.

नील्दा म्हणाली, "आई, तुझे जुने कार्यक्रम आहेत ना, तेच लावू. लोकांना तुझाच आवाज हवाय."

"अगं, मेलेल्या बाईने सांगितलेल्या थंडीवर कोणी बटाटे गोठवायला पसरतं का?" मी विचारले. ती आधी हसली, मग रडली. तरीही माझे जुने कार्यक्रम लावू नयेत.

हा तास मी माझी नणंद लेओकादिया काय्ये हिला देते.

लोक चमकतील, म्हणून कारण लिहिते. चुन्यो करायचा तर बटाटे कडक थंडीच्या रात्री उघड्यावर पसरायचे, गोठले की तुडवून वाळवायचे, मग ते वर्षानुवर्षे टिकतात. एका वर्षी सान हुआनच्या सणाला मी तापाने पडले होते आणि माइकसमोर लेओकादिया बसली. "बायांनो, आज पसरा! आज नाही गोठले तर माझं नाव बदला!" सान हुआनची रात्र सर्वांत थंड, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. संध्याकाळी ढग आले आणि थंडी पळाली. एरवी जो तो आपल्या अंगणातले आकाश बघून पसरतो, त्यामुळे एकाचे चुकले तरी दुसऱ्याचे वाचते. त्या दिवशी रेडिओने सांगितले म्हणून सगळ्या पठाराने एकदम पसरले आणि सगळ्यांचे एकदम काळे पडले.

मी तिला म्हटले, "घरात बस गुपचूप. आठवड्याभरात विसरतील."

"विसरतील म्हणूनच जाते, वहिनी," ती म्हणाली. पहाटे माइक सुरू करून तिने सांगितले, "मी लेओकादिया. माझेही नासलेत. ज्याला शिव्या द्यायच्यात त्याने इथे यावं. मी बसलेय."

लोक आले. पोटभर शिव्या दिल्या, मग कोण काय बघून पसरतो हे तिथेच माइकवर सांगत बसले. इतका चांगला कार्यक्रम आमच्या केंद्रावर पुन्हा झाला नाही. तो माझा नव्हता, याचा मला अजून राग आहे.

अट एकच. "पसरा" म्हणायचे नाही. "माझ्या अंगणात असं दिसतंय, तुमच्याकडे काय?" असे विचारायचे आणि उत्तराला थांबायचे.

माझी काळी टोपी मात्र तिला मिळणार नाही. तिने कितीही डोळा ठेवला असला तरी ती नील्दाची.

सर्व संतांच्या सणाला आमच्याकडे मेलेली माणसे घरी येतात; मीही रीतीप्रमाणे दुपारी येईन आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाईन. मेजावर पाव, कोकाची पाने आणि गरम चुन्यो ठेवावा. दुसऱ्या दिवशी रेडिओ पहाटेपासून चालू असावा. लेओकादियाला मी आयुष्यात एक वाक्य पुरे करू दिलेले नाही. त्या पहाटे मला मध्ये बोलता येणार नाही. तिने सावकाश बोलावे.

सही: एउसेबिया तार्की
साक्षीदार: सेवेरो माय्ता (सही), तेओदोरा किस्पे, केंद्राची तंत्रज्ञ (सही)
विलाकोता, ओरुरो, बोलिव्हिया
९ ऑगस्ट २०११