कारंज्यातलं कासव

१४ फेब्रुवारी
आज दोन बस. एक कल्याणची, ज्येष्ठ नागरिक. दुसऱ्या बसमध्ये आटगाव स्टेशनवर उतरलेली कुठल्याशा ऑफिसातली माणसं. साडेपाचला गेटवर घेतलं, रोपवाटिका दाखवली, बांबूचा पूल, भाताच्या जातींची पाटी, आणि पावणेसातला सगळ्यांना कारंज्यापुढच्या पायऱ्यांवर बसवलं. माईक नवा आहे, कानाला अडकवायचा. छत्तीस वर्षं एका हातात खडू आणि एका हातात डस्टर होतं, आता दोन्ही हात हलवून बोलता येतं.

सातला दिवे मालवले आणि पाणी उसळलं. निळं, हिरवं, मग एकदम लाल. मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं : "मंडळी, आमच्या मुरबाडच्या मातीत पाणीसुद्धा ताल धरतं." टाळ्या. शेरा : उत्तम.

एका बाईंनी विचारलं, इतकं पाणी येतं कुठून? म्हटलं, मॅडम, तेच तेच पाणी फिरतं. बागेच्या मालकांनी, शेठनी शिकवलेलं उत्तर. खोटं नाही. फिरतं तेच. फक्त रोज जेवढं उडतं, झिरपतं, वाळतं, तेवढं आमच्या गावविहिरीतून पुन्हा भरावं लागतं. तो भाग प्रश्नात नव्हता.

घरी सौ. कळशी घासत होती. म्हणाली, "आज तिसरी पायरी उघडी पडली विहिरीची." म्हटलं, या दिवसांत पडतेच. पडत नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

२ मार्च, होळी
बायजाकाकू, वाडीतली सगळ्यात म्हातारी, होळीत नारळ टाकता टाकता मोठ्यानं म्हणाली, "झाला शिमगा. आता त्या बागंचा पंप कवा बंद होनार रं, मास्तर?" सगळ्या माना माझ्याकडे. जसा काही पंप माझ्या छातीत बसवलाय.

शेठनी ऑक्टोबरातल्या ग्रामसभेत हात जोडून सांगितलं होतं, "शिमग्यापर्यंत पाणी द्या. पुढं माझं मी बघतो." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, पहिल्या रांगेत होतो, वही मांडीवर घेऊन.

म्हटलं, विचारतो उद्या. काकू म्हणाली, "इचार. तुझं ऐकतो तो." पुरणपोळी गोड लागली नाही.

५ मार्च
विचारलं. शेठ रागावत नाहीत कधी, तेच वाईट. चहा मागवला, खुर्ची ओढून दिली. म्हणाले, "गुरुजी, ठराव काढून बघा ना. त्यात शिमगा कुठाय?"

ग्रा.पं.त जाऊन रजिस्टर काढलं. ग्रामसेवकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ठराव नेहमी मीच लिहितो. "गावच्या सार्वजनिक विहिरीतून बागेस पाणी घेण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात येत आहे." वळणदार, काना-मात्रा बिनचूक. किती, कधीपर्यंत, एक अक्षर नाही.

आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला किती असं विचारत नाहीत. दारात आलेल्याला तांब्या द्यायचा आणि तो पिताना दुसरीकडे बघायचं. त्या दिवशी काकूच म्हणाली होती सभेत, "पान्याला अट नको घालू रं, मास्तर, पाप लागतं." म्हणून नाही लिहिलं. असं मी आज सौ.ला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

२१ मार्च
पाडवा झाला. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, म्हणजे येणार असतो. बायका विहिरीत खालपर्यंत उतरतात. एकजण वाटीनं भरते, बाकीच्या पायऱ्यांवर रांग लावून हंडे वर देतात. सौ.चा गुडघा सुजलाय. म्हटलं, मी जातो. म्हणाली, "तुमी नका येऊ तिथं. बायका बोलायच्या बंद होतात."

संध्याकाळी शो. शेठनी नवीन फवारा बसवलाय, पार नारळाच्या शेंड्याला जातो. पुढच्या रांगेतले भिजले की खूश होतात. मी तेव्हा काय बोलायचं तेही ठरलंय : "घ्या मंडळी, हे आमच्या गावचं प्रेम." आज बोलताना जीभ अडखळली. शेरा : साधारण.

३ एप्रिल
विहिरीतलं कासव वर दिसायला लागलं. चिखलात बसलेलं, पाठीवर शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेलं. काकू नवी नवरी असताना तिच्या सासूनं तिच्याच हातून सोडवलं होतं ते. विहीर उपसली की कासव सोडायचं, पाणी साफ राहतं, अशी रीत. शाळेत मी दर वर्षी पोरांना त्याच्यावर निबंध लिहायला लावायचो, "आमच्या विहिरीचा राखणदार". राखणदार मान आत ओढून बसलाय. मीपण.

६ एप्रिल
शेठच्या बायकोनं गावातल्या सगळ्या बायकांना बागेत हळदीकुंकवाला बोलावलंय. चैत्रातलं. पन्हं, वाटली डाळ, ओटी आणि मग खास त्यांच्यासाठी शो. बागेची फेरी मीच घडवायची. शेठ म्हणाले, "गावात जरा कुरकुर आहे ना, मोकळ्या होतील." निमंत्रणाचं पत्रकही माझ्याच अक्षरात.

मला वाटलं एकसुद्धा यायची नाही. सौ. म्हणाली, "का नाय? सगळ्या येनार हाव." तिचं तोंड बघून काही कळेना.

१० एप्रिल
आजचं लगेच लिहून ठेवतो.

सगळ्या आल्या. नऊवारी, पाचवारी, ठेवणीतल्या साड्या. वनिता सरपंच पुढे. माझ्याच हाताखाली चौथी पास झालेली, अजून मला बघून पदर सारखा करते. बायजाकाकू तिचा हात धरून. मी माईकवर "या, या, आपलीच बाग समजा" म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाग तुमची, पानी आमचं." हसल्या सगळ्या. रोपवाटिका मुकाट्यानं बघितली. भाताच्या पाटीपुढे काकू थांबली. म्हणाली, "वाच की रं, यातला कंचा भात तू लावलास कधी?" पुढे नेलं त्यांना.

हळदीकुंकू झालं, पन्हं झालं. शेठच्या बाईंनी ओट्या भरल्या. शो सुरू झाला. माझी सौ. दुसऱ्या पायरीवर, पाण्याकडे बघत. इतकं पाणी एका वेळी तिनं या वर्षी बघितलेलं नसणार. डोळ्याला पदर लावला तिनं. फवाऱ्यामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं. नव्हतं.

फवारा उंच गेला आणि काकू उठली. थेट कठड्याशी गेली. पदराचा ओचा सोडला. मला वाटलं ओटीचा नारळ वाहतेय. कासव होतं. दोन्ही हातांनी, तान्हं मूल घंगाळात सोडावं तसं, पाण्यात सोडलं. मग वळून म्हणाली, माईकशिवाय, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं :

"ह्याचं पानी हिकडं आलंय. ह्यो तिकडं एकलाच काय करंल?"

कुणी हसलं नाही. लाल दिवा होता, पाणी लाल, त्यात काळी पाठ फिरत होती. शेठ माझ्याकडे बघून खुणावत होते, बोला, बोला काहीतरी. माझ्या कानाला माईक, आणि मला एक शब्द सुचला नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी येताना सौ. पुढे, मी मागे. कासव विहिरीतून वर कुणी काढलं, विचारलं. "सगळ्यांनी," म्हणाली.

१३ एप्रिल
वाटलं होतं शेठ भडकतील, कासव परत पाठवतील, निदान लाजतील. छे. खूश आहेत. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो फिरतोय. "श्रद्धेनं अर्पण केलेलं गावचं कासव." पाण्यातच एक चौथरा बांधायला घेतलाय, वर कासवाला बसायला जागा, खाली पिवळा दिवा. मला नवीन मजकूर हवाय, दोन मिनिटांचा, जरा भावुक.

मी लिहून दिला. दिला लिहून. "पिढ्यानपिढ्या विहीर राखणारं हे कासव आज स्वतःहून आपल्या भेटीला आलं आहे." स्वतःहून.

१९ एप्रिल
शनिवार-रविवार पायऱ्या पुरत नाहीत. कासव दिसलं की लोक हात जोडतात, चुरमुरे टाकतात, लेकरांना वर उचलून दाखवतात. सापगावहून सौ.चा भाऊ आला होता, बायकोपोरांना घेऊन. शो बघून मग घरी आला. तिला म्हणाला, "ताई, दाजी काय बोलतात गं, अंगावर काटा येतो." सौ.नं त्याला प्यायला अर्धा तांब्या पाणी दिलं. अर्धा. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं. मीच मान खाली घातली.

शेरा लिहायचं मन नाही.

२३ एप्रिल
वनिता आली होती. ओट्यावरच बसली, आत आली नाही. एक मेच्या ग्रामसभेत ठराव दुरुस्तीला घेणार आहे. म्हणाली, "गुरुजी, शेठ म्हणणार कागदावर नाय. आमी शंभर जणं म्हणू की शब्द दिला होता, तर म्हणतील आता जमवून सांगतात. पण लिहिणारे तुमी. तुमी उभं राहून सांगितलंत की शिमग्यापर्यंतच असं ठरलं आणि लिहायचं राहिलं, तर दुरुस्ती होईल. पंप थांबेल."

म्हटलं, बघतो.

"बघतो नका म्हणू गुरुजी. फळ्यावर चुकलेलं तुमी आमच्यादेखत पुसायचात."

तिला चहा विचारला. पाणी वाचवा म्हणाली सौ.ला आणि गेली.

२६ एप्रिल
कासव दोन दिवस वर आलं नाही. माळी म्हणतो पाणी हिरवं पडू नये म्हणून आठवड्याला औषध टाकतात, या वेळी जरा जास्त पडलं. शेठना सांगितलं. म्हणाले, "तळाशी असेल. पाहुण्यांना सांगा ध्यानाला बसलंय."

सांगितलं. लोकांनी तळाकडे बघून हात जोडले.

सौ. रोज दारातच विचारते, "दिसलं?" आज मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

२९ एप्रिल
वही माझी, इथं तरी खरं लिहावं.

काकू "अट नको घालू" म्हणाली, ते खरं. पण ती म्हणाली ते ठराव लिहून झाल्यावर. मी वाचून दाखवला तेव्हा. त्याच्या आधीच मी "शिमग्यापर्यंत" गाळलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी शेठ घरी आले होते. म्हणाले, गुरुजी, तुमचा आवाज वाया चाललाय, बागेत लोकांना फिरवून माहिती सांगाल का, माईक देतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मला कुणी "पुन्हा सांगा" म्हटलं नव्हतं. सभेत पेन त्या शब्दापाशी आलं. वाटलं, मुदत लिहिली तर शिमग्यानंतर शो बंद, आणि शो बंद म्हणजे... वाटलं, तोंडी शब्द आहे, पुरे आहे की.

काकूचं वाक्य नंतर आयतं मिळालं, तेच पांघरून बसलोय. पाप लागतं म्हणाली होती. लागलं, पण तिला नाही.

३० एप्रिल
शेठचा फोन. उद्या संध्याकाळी पाचला ठाण्याहून मोठा ग्रुप, पाच बस. "तुम्हीच हवेत गुरुजी, दुसऱ्या कुणाला जमत नाही." ग्रामसभा पाचलाच, देवळापुढे. शेठना माहीत नाही असं नाही. नवा सदरा पाठवलाय, खिशावर शिवलेलं कासव.

धसईच्या बाजारात वनिता दिसली, कांदे घेत होती. नजर चुकवली. तिनं नाही, मी.

१ मे
पाच वाजत आले. दोन्हीकडून फोन येऊन गेले, दोन्हीकडे "निघतोच" म्हटलं.

मघाशी सौ. देवळाकडे निघाली. गुडघ्याला फडकं बांधलेलं. दारात थांबली. सकाळी माळी येऊन सांगून गेलाय तिला. कासव पहाटे मरून पंपाच्या जाळीला लागलं होतं. शेठनी कुणाला कळू न देता कुंपणापलीकडे पुरायला लावलं, आणि दुसरं आणायला माणूस पाठवलाय. संध्याकाळच्या ग्रुपच्या आत यायला हवं म्हणे.

मी म्हटलं, काकूनं तरी ते तिथं सोडायला नको होतं. तोंडातून गेलं आणि लगेच कळलं.

सौ. शांतपणे म्हणाली, "कासवाला आमी उचलून नेलं. तुमी आपल्या पायानं गेलात."

ती गेली. रस्त्यावरून बसचा हॉर्न ऐकू येतोय, पहिली आली असावी. देवळाच्या भोंग्यावर वनिता नावं पुकारतेय, हजेरी घेतात तशी, माझ्यासारखीच, आडनाव आधी. कासवाचा सदरा खुंटीवर आहे. अंगात घरचा बनियन. चपला घातल्यात, खुर्चीतच बसलोय.

आता माझं नाव येईल.